कशावरून? सहावी-सातवीच्या मुलांना प्राचीन जगाचा इतिहास शिकवताना

'पिरॅमिड कोणी बांधले?' असं सहावीच्या वर्गात विचारलं की निम्म्याहून जास्त हात वर जातात. कुणी गुलाम म्हणतं, कुणी राजा म्हणतं, यूट्यूब पाहणारी दोघं-तिघं परग्रहवासी म्हणतात. पुढचा प्रश्न 'कशावरून?' असा टाकला की सगळे हात खाली येतात. प्राचीन जगाचा इतिहास शिकवणं म्हणजे ते खाली गेलेले हात पुन्हा वर आणणं. सनावळ्या, राजे आणि देवांची नावं त्यानंतर आपोआप चिकटतात. आधी नुसती नावं घोकून घेतली तर घटक चाचणी झाल्यावर आठवडाभरात धुऊन जातात.

हा लेख नाशिक आणि आसपासच्या शाळांतल्या इतिहासाच्या शिक्षकांसाठी आहे. घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांनाही यातलं बरंच वापरता येईल. राज्य मंडळाच्या सहावीच्या पुस्तकात हडप्पा संस्कृती आणि प्राचीन भारताचा जगाशी आलेला संबंध हे दोन्ही विषय आहेत. त्या दोन टोकांच्या मध्ये मेसोपोटेमिया, इजिप्त, चीन, ग्रीस, रोम बसवायचे आणि शेवट नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या पांडवलेण्यांत करायचा, अशी ही आखणी आहे.

तासिकांचा हिशेब

पस्तीस मिनिटांच्या २४ तासिका धरा. आठवड्याला दोन मिळाल्या तर बारा आठवडे. दिवाळीनंतर सुरुवात करा, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत काम संपतं आणि लेण्यांची सहल थंडीत बसते. वाटणी अशी: काळाला ३, नकाशा आणि नद्यांना २, मेसोपोटेमियाला ४, हडप्पाला ३, इजिप्तला ४, चीनला १, ग्रीसला ३, रोम आणि नाशिकला ४. सहलीची सकाळ यात धरलेली नाही.

चीनला एकच तासिका हा अन्याय आहे, तो मान्य करूनच ही वाटणी केली आहे. सगळ्या संस्कृतींना सारखा वेळ दिला की प्रत्येकीची फक्त यादी होते: नदी, शहर, लिपी, देव, ऱ्हास. त्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी खोल जा आणि बाकीच्यांना धावती भेट द्या.

पहिल्या दिवशीच प्रत्येक वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखून घ्या: 'काय दिसतं', 'त्यावरून काय वाटतं', 'आणखी काय मिळालं तर खात्री होईल'. पुढच्या प्रत्येक वस्तूसाठी हेच रकाने भरायचे आहेत. तिसरा रकाना मुलं हमखास मोकळा सोडतात. तो भरल्याशिवाय वही तपासू नका.

बारा मीटर सुतळी

भिंतीवरचे छापील कालपट दिसायला छान असतात, पण त्यावर काळाची मापं सारखी नसतात. त्यामुळे हजार वर्षं आणि शंभर वर्षं मुलांना सारखीच वाटतात. सुतळी घ्या, १२ मीटर. प्रमाण १ मीटरला ५०० वर्षं, म्हणजे २० सेंटिमीटरला एक शतक आणि २ मिलिमीटरला एक वर्ष. शून्याची खूण इ.स.पू. ३५०० ला. सुतळी आधी खिळ्यांना ताणून बांधा आणि मगच खुणा करा. सैल सुतळीवर खुणा करून नंतर ताणली तर सगळी मापं सरकतात. वर्गाच्या दोन-अडीच भिंती लागतील. खुणांसाठी कपड्यांचे चिमटे आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या पुरतात.

काही जागा काढून देतो: मेसोपोटेमियातल्या उरुक शहरातलं सुरुवातीचं लेखन, सुमारे इ.स.पू. ३२००, ०.६ मीटरवर. गिझाचा मोठा पिरॅमिड, सुमारे इ.स.पू. २५६०, १.८८ मीटरवर. हडप्पा संस्कृतीच्या नगरांचा भराचा काळ इ.स.पू. २६०० ते १९००, म्हणजे १.८ पासून ३.२ मीटरपर्यंत. तिथे चिमटा न लावता रंगीत लोकर गुंडाळा, कारण तो क्षण नसून सातशे वर्षांचा पट्टा आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी, साधारण इ.स.पू. १७५०, ३.५ मीटर. अलेक्झांडर पंजाबात, इ.स.पू. ३२६, ६.३५ मीटर. इसवी सनाची सुरुवात बरोबर ७ मीटरवर. आपण ११ मीटरच्या थोडे पुढे उभे आहोत. बाकीच्या खुणांचं गणित मुलांकडूनच करून घ्या.

मग प्रत्येकाला स्वतःचं वय सुतळीवर मोजायला सांगा. बारा वर्षं म्हणजे २.४ सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. सत्तर वर्षांच्या आजीचे १४ सेंटिमीटर. हे मोजताना वर्ग एकदम गप्प होतो. ती शांतता मोडायची घाई करू नका.

चूक होते ती इ.स.पू.च्या आकड्यांत. ४९० हा ३२६ पेक्षा मोठा, म्हणून तो नंतरचा, असं मुलं मनाशी धरतात. सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या असतातच, त्याच संख्यारेषेचा आधार घ्या. दुसरी अडचण शून्य वर्षाची. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, म्हणून इकडून तिकडे अंतर काढताना बेरजेतून एक वजा करायचा. इ.स.पू. ४९० ची मॅरेथॉनची लढाई ते इ.स. २०२५ हे अंतर ४९० + २०२५ − १, म्हणजे २५१४ वर्षं.

या तासिकांचा शेवट क्लिओपात्राने करा. ती इ.स.पू. ३० मध्ये वारली. मुलांना आधी अंदाज करू द्या, ती पिरॅमिडच्या जवळ की आपल्या? जवळजवळ सगळे पिरॅमिड म्हणतात. मग टेप लावा. पिरॅमिडपासून तिच्यापर्यंत ५ मीटरहून थोडं जास्त, तिच्यापासून आपल्यापर्यंत ४ मीटर आणि काही सेंटिमीटर.

नदी कुठल्या दिशेला वाहते

कोऱ्या नकाशावर शहरं भरण्याआधी फक्त नद्या काढून घ्या: नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, ह्वांग हो. प्रत्येकीवर बाण काढायला सांगा. नाईलचा बाण निम्मा वर्ग उलटा काढतो, कारण नकाशात 'वर' म्हणजे उंच आणि पाणी खाली येतं, असं डोक्यात असतं. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणूनच 'वरचा इजिप्त' नकाशात खाली असतो. हे इथेच स्वच्छ झालं नाही तर पुढे मेम्फिस आणि थीब्ज या शहरांचा घोळ कायम राहतो.

पूर म्हटलं की नाशिकच्या मुलाला दुतोंड्या मारुती आठवतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं, असं इथे घराघरात बोललं जातं. मुलांना सांगा, इजिप्तचे लोक हेच करत. नाईलकाठी दगडी पायऱ्यांवर खुणा कोरून पाणी मोजायची जागा असे. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर अशी जागा आजही पाहायला मिळते. फरक एवढाच की तिथल्या मोजणीवरून पिकाचा आणि कराचा अंदाज बांधला जाई. पूर कमी आला तर उपासमार, फार आला तर बांध फुटायचे.

यानंतर दोन पुरांची तुलना करा. नाईलला पूर जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येई, इथिओपियाच्या डोंगरांतल्या पावसाने. तो ओसरला की गाळाच्या ओल्या जमिनीत पेरणी. तैग्रिस-युफ्रेटिसला पूर येई डोंगरातला बर्फ वितळून, एप्रिल-मेच्या सुमारास, नेमकं पीक उभं असताना. म्हणून तिथे कालवे आणि बांध यांच्यावाचून गत नव्हती. एप्रिलमध्ये गंगापूर धरणाचं पाणी अचानक उभ्या शेतात शिरलं तर काय होईल, एवढं विचारा. उत्तर शेतकऱ्यांची मुलं देतील.

शाडूची पाटी

मेसोपोटेमियाचा गाभा म्हणजे मातीवर लिहिलेला हिशेब, आणि तो हाताने केल्याशिवाय कळत नाही. कोरडा शाडू गणपतीच्या दिवसांत सहज मिळतो. तेव्हाच घेऊन प्लॅस्टिकच्या बादलीत झाकून ठेवा. एका पाटीला भिजलेली १५० ग्रॅम माती लागते. चाळीस मुलांना ६ किलो, फुटतूट धरून ७. आदल्या दिवशी भिजवा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेसारखी हवी. अंगठा दाबला की ठसा उठावा, पण माती बोटाला चिकटू नये.

पाटीचं माप ८ × ६ सेंटिमीटर, जाडी दीड. एक सेंटिमीटरपेक्षा पातळ केली तर वाळताना वाकडी होते. लेखणी म्हणून चौकोनी कापलेली बांबूची काडी उत्तम. नसेल तर आइस्क्रीमची काडी मधोमध सरळ कापा आणि तिचा कोपरा वापरा.

आता खरी अडचण. मुलं रेघ ओढतात. रेघ ओढली की कडेला माती गोळा होते आणि अक्षर फाटतं. मेसोपोटेमियाच्या या कीलाकार, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांच्या, लिपीत ओढायचं नसतं, दाबून उचलायचं असतं. फळ्यावर कितीही सांगा, उपयोग होत नाही. चार-चार मुलांच्या गटात जाऊन एकदा स्वतः दाबून दाखवा. काडीचा कोपरा तिरपा टेकवून दाबला की एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली खूण उठते. उभी खूण म्हणजे १, कोपऱ्याने केलेली बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे १०. २३ लिहायला दोन टोकं आणि तीन उभ्या. साठ झाले की पुन्हा एक उभी खूण, पण डावीकडच्या घरात. ७५ म्हणजे एक साठ आणि पंधरा. तासाची साठ मिनिटं आणि वर्तुळाचे ३६० अंश या साठच्या हिशेबातूनच आपल्यापर्यंत आले, हे सांगायची वेळ हीच.

पाटीवर स्वतःचं नाव लिहायचा हट्ट होईल. नेटवर 'तुमचं नाव कीलाकार लिपीत' असे तक्ते मिळतात. ते टाळा. ती लिपी एका अक्षराला एक खूण अशी नव्हती, आणि नाव लिहायला लावलं की सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निसटते. सर्वांत जुन्या पाट्यांवर कविता नाहीत, राजाज्ञा नाहीत. तिथे आहेत धान्य, मेंढ्या आणि मजुरांना दिलेला शिधा. म्हणून मुलांनी हिशेबच लिहायचा: वस्तूचं छोटं चित्र आणि पुढे आकडा. १२ क्रेट टोमॅटो, ३ शेळ्या.

पाट्या सावलीत तीन-चार दिवस वाळवा. उन्हात ठेवल्या तर वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. गॅसवर किंवा चुलीत भाजायला देऊ नका. आत ओल राहिली असेल तर पाटी फुटून तुकडे उडतात.

पुढच्या तासिकेला पाट्यांची अदलाबदल. ज्याने लिहिली त्याने तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या गटाने तीन रकाने भरायचे. 'तीन शेळ्या दिसतात' हे पहिल्या रकान्यात, 'कुणीतरी विकल्या असाव्यात' हे दुसऱ्यात. विकल्या की घेतल्या? देवळाला दिल्या की कर म्हणून नेल्या? इथे मुलांना पहिल्यांदा जाणवतं की पुरावा आपण होऊन बोलत नाही.

चौथी तासिका हम्मुराबीला. 'डोळ्याला डोळा' एवढंच सांगून थांबू नका. त्याच कायद्यात पुढे आहे की सरदाराने सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मिना (तिथलं वजनाचं माप) चांदी दंड, आणि कुणाच्या गुलामाचा फोडला तर गुलामाच्या निम्म्या किमतीची भरपाई. तिन्ही कलमं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि काही न बोलता दोन मिनिटं थांबा. मुलांना न्यायाची जाण मोठ्यांपेक्षा तीव्र असते.

वीट, वजन आणि न वाचलेली लिपी

हडप्पाच्या विटेचं प्रमाण १ : २ : ४, एक नेहमीचं माप ७ × १४ × २८ सेंटिमीटर. शाळेजवळ बांधकाम असेल तर एक वीट आणून मोजायला लावा आणि प्रमाण काढा. आपली वीट त्या प्रमाणात बसत नाही. मग विचारा, शेकडो किलोमीटर लांबच्या शहरांत एकच प्रमाण, कशावरून आलं असेल? राजाचा हुकूम, कारागिरांची शिस्त, व्यापाराची सोय, अशी उत्तरं येतील. तिन्ही दुसऱ्या रकान्यात जातात, पहिल्यात नाही.

वजनांसाठी वाळूच्या पुरचुंड्या करा. हडप्पाच्या घनाकृती दगडी वजनांमध्ये साधारण १३.६ ग्रॅमचं वजन वारंवार सापडतं. त्याची दुप्पट २७.२, चौपट ५४.४. लहान वजनं अशीच दुपटीने वाढत जातात. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला तराजू मागून घ्या.

लिपीबाबत सावध राहा. ती अजून वाचता आलेली नाही. कुणीतरी 'वाचली' अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी फिरते आणि मुलं ती मोबाइलवर घेऊन येतात. मोहेंजोदडोच्या सुमारे साडेसतरा सेंटिमीटर उंचीच्या दाढीवाल्या पुतळ्याला 'पुरोहित राजा' म्हणतात, ते नावही उत्खनन करणाऱ्यांनी दिलेलं आहे. तो पुरोहित होता की राजा, याचा पुरावा नाही. चित्र दाखवताना नाव झाका, मुलांकडून आधी वर्णन घ्या आणि मग नाव दाखवा.

मेसोपोटेमियाशी सांधा इथे जुळतो. अक्कडचा राजा सारगॉन याच्या लेखात मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, अशी बढाई आहे. मेसोपोटेमियातल्या उर शहरात सिंधू खोऱ्यातल्या लाल कार्नेलियनच्या मण्यांसारखे मणी आणि तिथल्या धाटणीच्या मुद्रा मिळाल्या आहेत. एक साक्षीदार लिखित, दुसरा वस्तुरूप. 'मेलुहा म्हणजे सिंधू खोरं' हे या दोन्हींच्या जोडीने ठरतं, एकट्या लेखाने नाही.

शेजारच्या जिल्ह्यातलं प्रवराकाठचं दायमाबाद विसरू नका. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना ब्राँझच्या चार मोठ्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून ६० किलोंहून जास्त. रथ ४५ सेंटिमीटर लांब आणि तो हाकणारा माणूस १६ सेंटिमीटर उंच. वर्गात पट्टी धरून दाखवा. पण त्या शास्त्रशुद्ध उत्खननाच्या थरातून आलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी साक्ष जाते, हे समजावण्यासाठी याहून जवळचं उदाहरण नाही. शेतात काही सापडलं तर हात लावू नये, मोठ्यांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं, हेही याच वेळी सांगून टाका.

त्याच वर्षी, १९७४ मध्ये, चीनमध्ये शिआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना पहिल्या सम्राटाची मातीची फौज सापडली. चीनची एकमेव तासिका इथून उघडा आणि इ.स.पू. २२१ च्या एकीकरणापर्यंत न्या: एक लिपी, एक नाणं, एकच वजनमापं. हडप्पाच्या विटांचा प्रश्न मुलांना इथे पुन्हा आठवतो. चीनमध्ये हुकूम लिहिलेला मिळतो, हडप्पात मिळत नाही.

कांदा, हेरोडोटस आणि मेररची वही

इजिप्तमध्ये ममीचं आकर्षण इतकं असतं की सगळ्या तासिका तिथेच संपतात. ममीला एकच द्या, तीही प्रयोगासह. इजिप्तचे लोक नॅट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षाराने शरीरातलं पाणी शोषून घेत. मीठ आणि खायचा सोडा २००-२०० ग्रॅम मिसळा. बेकिंग पावडर नको, तिच्यात पीठ आणि आम्ल असतं. बटाट्याची एक सेंटिमीटर जाडीची चकती वजन करून त्यात पूर्ण पुरा, दुसरी चकती नुसती बशीत ठेवा. तिसऱ्या दिवशी मिश्रण ओलसर झालेलं दिसेल, ते बदला. सात दिवसांनी दोन्हींचं वजन आणि वास तपासा. पावसाळ्यात हा प्रयोग फसतो, कारण मीठ हवेतलीच ओल ओढून घेतं. पाणी गेलं की कुजणं थांबतं हे द्राक्षाचा बेदाणा होताना पाहिलेल्या मुलांना लगेच पटतं.

पिरॅमिड मैदानावर उभा करा, १ : १०० प्रमाणात. पाया २३० मीटर, मूळ उंची साधारण १४६.६ मीटर. म्हणजे मैदानावर २.३ मीटरचा चौरस, मधोमध १.४७ मीटरची काठी, टोकापासून चार सुतळ्या. कोपरे काटकोनात आहेत का हे कर्णावरून तपासा, दोन्ही कर्ण ३.२५ मीटर भरले पाहिजेत. पायथ्याशी १.६ सेंटिमीटरची काडी रोवा. तो माणूस.

आता लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न घ्या, कोणी बांधले? तीन साक्षीदार वर्गात उभे करा. पहिला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस. त्याने लिहिलंय की एका वेळी एक लाख माणसं राबत होती, आणि पिरॅमिडवर मजुरांच्या मुळा, कांदा, लसणावर झालेला खर्च कोरलेला होता. तो म्हणतो, दुभाष्याने मला तसं वाचून दाखवलं. कांद्याचं नाव निघालं की लासलगाव-पिंपळगावकडची मुलं सरसावून बसतात. बसू द्या, आणि मग त्यांना सुतळीकडे पाठवा. हेरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकातला. पिरॅमिडपासून त्याच्यापर्यंत अंतर मोजा, ४ मीटरहून जास्त भरतं, म्हणजे दोन हजारांवर वर्षं. हा पाहिलेला साक्षीदार की ऐकलेला?

दुसरा साक्षीदार गिझाची माती. तिथे मजुरांच्या वस्तीचे अवशेष, पाव भाजायच्या भट्ट्या आणि कामगारांच्या कबरी मिळाल्या. राजाच्या पिरॅमिडशेजारी मान देऊन पुरलेली ही माणसं साखळदंडातली गुलाम वाटत नाहीत.

तिसरा साक्षीदार मेरर. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेल्या पपायरसांमध्ये हे सर्वांत जुने. मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या काळातला मेरर नावाचा मुकादम त्यात आपल्या तुकडीच्या कामाची रोजची नोंद ठेवतो: तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरले, गिझाला पोचवले, परत आलो. हा त्या काळात, त्याच कामावर होता.

तिघांनाही दहापैकी गुण द्यायला सांगा, विश्वास किती ठेवाल म्हणून. कुठलाच साक्षीदार शून्य नाही आणि कुठलाच दहा नाही, असं वर्गातूनच पुढे आलं तर इजिप्तच्या चारही तासिका सार्थकी लागल्या.

ग्रीस: खापराचं मत

'लोकशाहीची सुरुवात अथेन्सला झाली' हे वाक्य पाठ असतं. खापर हातात घ्या म्हणजे ते जिवंत होईल. फुटक्या माठाचे तळहाताएवढे तुकडे कुंभारवाड्यातून किंवा घरातून गोळा करा. कडा फरशीवर घासून बोथट करा, नाहीतर हात कापतात. खिळ्याने त्यावर नाव कोरायचं. चकाकी दिलेल्या भांड्यावर अक्षर उठत नाही.

प्रसंग खराच घ्या. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या लॉरिअनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला. चांदी नागरिकांत वाटायची, की थेमिस्टोक्लीस या नेत्याच्या म्हणण्याप्रमाणे लढाऊ जहाजं बांधायची? अ‍ॅरिस्टायडीस हा त्याचा प्रतिस्पर्धी. वर्गाचे दोन गट करून वाद घाला, मग खापरावर मतदान. खऱ्या अथेन्समध्ये किमान ६,००० खापरं पडावी लागत आणि ज्याचं नाव जास्त येई त्याला दहा वर्षं शहर सोडावं लागे. अ‍ॅरिस्टायडीस हद्दपार झाला, जहाजं बांधली गेली, आणि इ.स.पू. ४८० मध्ये सलामिसला त्याच जहाजांनी इराणी आरमार हरवलं. पुढे थेमिस्टोक्लीसलाही याच खापरांनी बाहेर काढलं.

दोन पथ्यं कडकपणे पाळा. वर्गातल्या कुठल्याही मुलाचं नाव खापरावर येता कामा नये. थट्टेतही नाही, त्याची जखम वर्षभर राहते. दुसरं, मतदार कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. अथेन्समध्ये बायका, गुलाम आणि बाहेरून आलेले रहिवासी यांना मत नव्हतं. चाळीस चिठ्ठ्यांपैकी फक्त सहांवर 'नागरिक' लिहा. मुली एका बाजूला, मुलगे एका बाजूला अशी विभागणी करू नका. उरलेल्या चौतीस जणांना कसं वाटलं हे मात्र विचारा आणि लिहून घ्या.

शेवटी ही वस्तुस्थिती सांगा: अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसचं नाव कोरलेली १९० खापरं मिळाली, आणि त्यावरची हस्ताक्षरं मात्र १४ च माणसांची आहेत. यावरून काय वाटतं? आपल्याकडे निवडणुका पाहिलेली मुलं उत्तर शोधायला फार वेळ घेत नाहीत.

त्रिरश्मीवरची सकाळ

रोमची पहिली तासिका वाऱ्याची. मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन तांबड्या समुद्रातून जहाजं भडोचला येत. ग्रीक भाषेतल्या, पहिल्या शतकातल्या एका दर्यावर्दी वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथून गाड्यांनी माल भडोचला जाई असं लिहिलंय. नकाशावर त्या तिघांना जोडणारी रेघ ओढा आणि नाशिक तिच्या किती जवळ येतं ते पाहा.

दुसरी तासिका नाण्याची. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३ हजारांहून जास्त. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरंही आहेत. वर्गात करून पाहायला शाडूची रुपयाएवढी चकती घ्या, एक रुपयाचं नाणं दाबून उचला, मग त्यावरच पाच रुपयांचं नाणं थोडं तिरकं दाबा. दुसऱ्या ठशाखाली पहिल्याच्या रेषा डोकावतात. तिरप्या उजेडात टॉर्च धरा, नीट दिसतील. जमल्यास त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय पाहा, आधी फोन करून.

तिसऱ्या तासिकेला ब्राह्मीतला एकच शब्द शिकवा: 'सिधं'. पांडवलेण्यांतले महत्त्वाचे लेख या शब्दाने सुरू होतात. स, ध, आणि डोक्यावर इकाराची व अनुस्वाराची खूण, एवढं ओळखता आलं तरी लेण्यात मूल अक्षरं शोधत फिरतं.

सहल सकाळी आठला सुरू करा. शहरापासून आठेक किलोमीटर, मग पायऱ्या. आठ मुलांमागे एक मोठा माणूस. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर तिकीट नसतं, पण शाळेचं पत्र जवळ असू द्या. अत्तर, फवारे, धूर नको, कड्यावर मधमाश्यांची पोळी असू शकतात. अक्षरांना हात लावायचा नाही, खडूने भरायची नाहीत, कागद ठेवून ठसा घ्यायचा नाही. दोन हजार वर्षं टिकलेलं अक्षर हजारो बोटांनी झिजतं. चोवीसही लेणी पाहायचा हट्ट धरू नका. तीन पुरेत, प्रत्येकी अर्धा तास.

दहावं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. त्याच्या लेखात ३,००० काहापणांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, ठेवीचा हिशेब आहे. त्यांतले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२. व्हरांड्यातच वहीवर गणित करायला लावा: २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब जुळला की मुलं पुन्हा भिंतीकडे बघतात, आणि या वेळी बघणं वेगळं असतं.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला. आपल्या मुलाने, गौतमीपुत्राने, शक-यवन-पल्हवांचा नाश केला आणि क्षहरात वंश उखडून टाकला, असं त्यात आहे. थांबा आणि विचारा, आई मुलाबद्दल बोलते आहे, किती खरं मानायचं? उत्तर जोगलटेंभीच्या नाण्यांत आहे, कारण नहपान क्षहरात वंशाचाच होता. वर्गात केलेली शाडूची चकती इथे खिशातून काढू द्या.

सतरावं लेणं शेवटी. दाता इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, दात्तामित्री गावचा, आणि 'योनक', म्हणजे यवन. नाव आपलं, ओळख ग्रीक, दान बौद्ध लेण्याला, जागा नाशिक. इथे काही समजावून सांगू नका. तीन रकाने उघडायला सांगा आणि वीस मिनिटं द्या.

चौथ्या तासिकेला सुतळीवर ७.२ मीटरच्या आसपास नहपान आणि गौतमीपुत्राचे चिमटे लावा आणि चाचणी घ्या. वीस गुणांच्या चाचणीत सनावळीला चारच गुण ठेवा. सहा गुणांना न पाहिलेल्या एका वस्तूचं चित्र द्या, तीन रकान्यांसह. उरलेले दहा गुण एका प्रश्नाला: 'गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. कशावरून? दोन पुरावे द्या, आणि प्रत्येकावर एक शंका घ्या.' पुराव्याला तीन-तीन गुण, शंकेला दोन-दोन. शंका चुकीची असली तरी ती पुराव्याला धरून असेल तर पूर्ण गुण द्या.